घर कोणाला द्यावे, हे कशावरून ठरवावे

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपण नोकरीनिमित्त बेंगळुरूला असता. पुण्यात कर्वेनगरला आईवडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि आई आता आपल्याकडे राहायला आल्यामुळे तो पहिल्यांदाच भाड्याने द्यायचा आहे. भाडे महिना २४,००० रुपये आणि अनामत एक लाख रुपये ठरवली आहे. तीन ठिकाणांहून विचारणा आली आहे: पती आयटी कंपनीत नुकताच रुजू झाला आहे असे नवविवाहित जोडपे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तीन मुली, आणि अकरा महिन्यांचे भाडे एकरकमी आगाऊ द्यायला तयार असलेले एक व्यावसायिक, ज्यांना चावी याच रविवारी हवी आहे. एजंट आणि शेजारी दोघेही व्यावसायिकांना घर द्या म्हणत आहेत. यातला कोण निवडावा आणि चौकशी कशी करावी, असे आपण विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी पुण्यात लिव्ह अँड लायसन्सचे करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचे करार) आणि त्याआधीची चौकशी हेच काम करतो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. भाडेकरू माणूस म्हणून चांगला आहे की वाईट, हे चौकशीतून कळत नाही आणि ते ठरवणे आपले कामही नाही. चौकशीत दोनच गोष्टी पाहायच्या असतात: त्याने स्वतःबद्दल जे सांगितले ते खरे आहे का, आणि हे घर त्याला महिन्यामागून महिना झेपणारे आहे का. या दोन प्रश्नांच्या बाहेरची माहिती बहुतेक वेळा उपयोगाची नसते, आणि घरमालक नेमके तिच्यावरच विसंबतात. आडनाव काय, घरात मांसाहार होतो का, लग्न झाले आहे का, गाव कोणते, यांवर निवड केलेली घरे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. भाडे थकवणाऱ्यांमध्ये सर्व जातींचे, सर्व धर्मांचे, विवाहित आणि अविवाहित असे सगळेच निघाले. आडनावावरून घर नाकारणे हा माणसाचा अपमान आहेच. शिवाय ज्याला आडनावावरून घर दिले त्याची खरी चौकशी राहूनच जाते, हा त्यातला व्यवहारी तोटा आहे.

आता आपल्या तिसऱ्या इच्छुकापासून सुरुवात करतो, कारण तिथेच घाई आहे. अकरा महिन्यांचे भाडे आगाऊ मिळणे ही सुरक्षितता वाटते, पण मला त्यात धोका अधिक दिसतो. दरमहा वेळेवर येणारे भाडे ही केवळ रक्कम नसते. भाडेकरूचे सगळे सुरळीत चालले आहे, याची ती दर महिन्याची खूण असते. एकदा वर्षाचे पैसे हातात आले की घरमालक वर्षभर तिकडे फिरकत नाही. त्या काळात घरात कोण राहते, तिथे कार्यालय चालते की गोदाम, की खाटा टाकून माणसांमागे पैसे घेऊन पोटभाडेकरू ठेवले आहेत, हे त्याला कळतच नाही. सगळे आगाऊ देणारे असेच असतात, असे मी म्हणत नाही. परदेशातून परतलेली किंवा घर विकून मोठी रक्कम हाताशी असलेली माणसे सोय म्हणून असे करतात. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. आगाऊ पैसे कागदपत्रांसोबत देऊ केले आहेत की कागदपत्रांऐवजी, एवढे पाहावे. आपण लिहिले आहे की प्राप्तिकर विवरणपत्र मागितल्यावर त्यांनी ‘पूर्ण पैसेच देतोय ना, मग कागद कशाला’ असे उत्तर दिले. माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला.

तरीही त्यांना एक संधी द्यायची असेल, तर त्यांच्या व्यवसायाचा जीएसटी क्रमांक मागावा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की व्यवसायाचे नाव, नोंदणी कधीची आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. लहान व्यवसायाला जीएसटी नोंदणी नसू शकते, त्यामुळे क्रमांक नसणे हा दोष नाही. अशा वेळी मागच्या दोन वर्षांच्या विवरणपत्रांची पोच आणि सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट पुरेसे असते. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स सेवेवर नावावरून दावे शोधता येतात, परंतु एकाच नावाची अनेक माणसे असतात. म्हणून तिथे काही सापडले तर आधी त्या व्यक्तीलाच विचारावे, तर्क करून मोकळे होऊ नये.

घाईबद्दल आणखी एक सावधगिरी सांगतो, कारण आपण दूर राहता आणि बरेचसे फोनवरच ठरणार आहे. लष्करात किंवा निमलष्करी दलात अधिकारी आहे, पुण्याला बदली झाली आहे, घर न पाहताच पसंत आहे, असे सांगून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवणारे आणि ‘अनामत पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारे ठग गेली काही वर्षे घरमालकांना गाठत आहेत. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. खऱ्या बदलीवर आलेल्या जवानाला किंवा अधिकाऱ्याला कागद दाखवण्यात अडचण नसते आणि तो अथवा त्याचे कुटुंबीय घर पाहायला येतातच.

नवविवाहित जोडप्याकडे वळू. पगारदार माणसाची चौकशी सगळ्यांत सोपी समजली जाते आणि म्हणूनच ती सगळ्यांत वरवर होते. सॅलरी स्लिप हा संगणकावर दहा मिनिटांत तयार होणारा कागद आहे. तो एकट्याने काहीही सिद्ध करत नाही. त्याचा मेळ दुसऱ्या कागदाशी बसतो का, हे पाहायचे असते. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका तरुणाने जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च अशा तीन स्लिप ठेवल्या. कंपनी पुण्यातलीच होती, छपाई सुबक होती आणि आकडे नीटनेटके होते. तिन्ही स्लिपवर व्यवसाय कराची कपात २०० रुपये होती. महाराष्ट्रात त्या पगाराच्या माणसाचा व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये पूर्ण होतात. मी त्याला शांतपणे एवढेच विचारले की फेब्रुवारीत शंभर रुपये कमी कसे कापले. ‘एचआरला विचारून सांगतो’ म्हणून तो गेला आणि पुन्हा त्याचा फोन आला नाही. यावरून कोणी लगेच फेब्रुवारीची स्लिप हाती घेऊन न्यायनिवाडा करू नये. कार्यालय दुसऱ्या राज्यात असेल तर दर वेगळे असतात, कमी पगाराच्या स्त्रियांना या करातून सूट आहे, आणि कधी कधी कंपनीचीही चूक होते. मुद्दा असा की विसंगती दिसली तर प्रश्न विचारावा आणि उत्तर कसे येते ते पाहावे. खरे सांगणारा माणूस गोंधळतो, पण दुसरा कागद घेऊन परत येतो.

स्लिपवरची हाती पडणारी रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये त्याच आकड्याने आणि कंपनीच्या नावाने जमा झालेली दिसली पाहिजे. त्याच स्टेटमेंटमध्ये कर्जाचे हप्तेही दिसतात, आणि भाडे झेपेल का याचे उत्तर पगारापेक्षा त्या हप्त्यांत असते. भाडे हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असावे, हा माझा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे २४,००० रुपयांच्या घरासाठी घरात ७२,००० रुपये येत असावेत. परंतु ८०,००० रुपये पगारातून ३५,००० रुपये गाडीच्या आणि वैयक्तिक कर्जाच्या हप्त्यांत जात असतील, तर कर्ज नसलेला ६५,००० रुपये पगाराचा माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो. आपल्या जोडप्यातील पतीला रुजू होऊन एकच महिना झाला आहे आणि पत्नीकडे केवळ ऑफर लेटर आहे. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे. पतीकडून नियुक्तिपत्र, कंपनीचे ओळखपत्र आणि आधीच्या नोकरीतील भविष्य निर्वाह निधीचे पासबुक मागावे. हे पासबुक ते सरकारच्या उमंग ॲपवर आपल्यासमोर उघडून दाखवू शकतात. त्यात आधीच्या कंपनीचे नाव आणि दरमहाची जमा दिसते, आणि ती कंपनीने भरलेली असल्यामुळे हाताने रंगवता येत नाही. पत्नीचे उत्पन्न सध्या हिशेबात धरू नये. एकट्या पतीच्या पगारात भाडे बसत असेल तर हे जोडपे चांगले उमेदवार आहे. बसत नसेल तर तसे त्यांना स्पष्ट सांगावे. तीन महिन्यांनी वाईट वाटण्यापेक्षा आज वाटलेले बरे.

कागदांपेक्षाही मला मोलाची वाटणारी चौकशी म्हणजे आधीच्या घरमालकाला केलेला फोन. बहुतेक घरमालक तो करत नाहीत. संकोच वाटतो, किंवा ‘एजंटने केलाच असेल’ असे गृहीत धरले जाते. आपण तो स्वतः करावा, आणि शक्य असेल तर सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या घरमालकाला करावा. ज्याला त्रासदायक भाडेकरू घालवायचा आहे, तो आपल्याशी बोलताना त्याची स्तुतीच करेल. ज्याचा व्यवहार पूर्ण मिटला आहे, त्याला खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. क्रमांक खरोखर घरमालकाचाच आहे ना, यासाठी आधी मागच्या घराच्या नोंदणीकृत कराराची प्रत पाहून ठेवावी आणि मग फोनवर प्रश्न उघडे ठेवावेत. ‘भाडे १८,००० होते ना?’ असे विचारले तर मित्राला घरमालक बनवून बसवलेला माणूस ‘हो’ म्हणेल. ‘भाडे किती होते? कोणत्या तारखेपर्यंत येत असे? अनामतीतून काही कापले का?’ असे विचारले की त्याला स्वतःहून उत्तर द्यावे लागते, आणि ते कराराशी ताडून पाहता येते.

शेवटी मी नेहमी एक प्रश्न विचारतो: घर सोडताना ते कसे दिले? एकदा कोथरूडच्या एका काकूंनी यावर थोडे आठवून सांगितले, ‘स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं चाक तुटलं होतं. मला ठाऊकही नव्हतं. त्यांनीच दाखवलं आणि माणूस आणून बसवून दिलं.’ त्या कुटुंबाचा पगार फार नव्हता, पण मी त्यांचे नाव पुढे केले. ते त्या घरात पाच वर्षे राहिले आणि भाडे एकदाही मागावे लागले नाही.

आता तीन मुली. शेजाऱ्यांचा आक्षेप त्यांच्यावरच सर्वाधिक असेल, असा माझा अंदाज आहे. माझे मत त्यांच्या बाजूने आहे, मात्र त्यांच्या चौकशीची पद्धत वेगळी असते. त्यांचे स्वतःचे उत्पन्न नाही, त्यामुळे भाडे कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे. तिघींच्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे आणि किमान एका पालकाला जामीनदार म्हणून करारात घ्यावे. त्या पालकाच्या उत्पन्नाचे कागद पगारदारासारखेच पाहावेत. उत्पन्न शेतीचे असेल तर सातबारा उतारा आणि बँकेचे व्यवहार पाहून अंदाज येतो. तिघी सज्ञान असतील तर तिघींच्याही सह्या घ्याव्यात आणि भाड्याची जबाबदारी संयुक्त तसेच वैयक्तिक राहील, असे स्पष्ट लिहावे. नाहीतर एक निघून गेली की उरलेल्या दोघी ‘आम्ही आमचा वाटा भरतो’ असे म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते चूकही नसते. परीक्षेचा निकाल लागला की कोणीतरी मध्येच जाणार, हे गृहीतच धरावे. तिच्या जागी येणाऱ्या मुलीची तीच चौकशी होईल, आपली लेखी संमती लागेल आणि पुरवणी करार होईल, हे आधीच सांगितले तर पुढे वाद होत नाही. पाहुणे किती वाजेपर्यंत थांबतील, भावाने किंवा मित्राने यावे की नाही, असले प्रश्न कृपया विचारू नयेत. त्या भाडे देऊन राहणाऱ्या सज्ञान व्यक्ती आहेत. गोंगाट आणि स्वच्छता यांबाबत सोसायटीचा जो नियम सगळ्यांना आहे, तोच त्यांनाही असावा.

सोसायटीशी मात्र आधी बोलून घ्यावे. घर भाड्याने दिल्याची माहिती सोसायटीला देणे आपले कर्तव्य आहे आणि बिगरभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. ‘अविवाहितांना घर नाही’ हा तोंडी नियम कोणी पुढे केला तर तो लेखी मागावा. बहुतेक ठिकाणी तो कागदावर नसतोच. तरी हे बोलणे मुली राहायला येण्यापूर्वी व्हावे. नंतर झाले तर त्याचा त्रास आपल्याला बेंगळुरूत होणार नाही, जिन्यात रोज भेटणाऱ्या त्या तिघींना होईल.

पोलीस पडताळणीबद्दल मोठा गैरसमज आहे, म्हणून तेही लिहितो. भाडेकरूची माहिती ऑनलाइन किंवा ठाण्यात जाऊन पोलिसांना देणे म्हणजे त्या व्यक्तीला चारित्र्याचा दाखला मिळणे नव्हे. ती आपण दिलेली माहिती असते. ती देणे आवश्यक आहे, कारण पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि ते मोडल्यास घरमालकावर गुन्हा नोंद होऊ शकतो. मात्र ती पोच हातात आली म्हणून बाकीची चौकशी झाली, असे समजू नये. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते. आपल्या प्रकरणात तो प्रश्न येत नाही.

निवड कोणाचीही झाली तरी एका गोष्टीवर तडजोड करू नये: करार नोंदवला जाईपर्यंत चावी देऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तसे केले नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर आपण ते खोटे ठरवत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड यांचीही तरतूद आहे. केवळ नोटरी केलेल्या कागदाने हे भागत नाही. दुसरीकडे, नोंदणीकृत लायसन्सची मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. घर रिकामे करून घेण्यासाठी पाणी किंवा वीज तोडण्याचा विचारही मनात आणू नये. खर्च म्हणावा तर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. आपले ११ महिन्यांचे भाडे २,६४,००० रुपये आणि अनामतीवरचे दहा टक्के दराने धरलेले व्याज मिळून ते सातशे रुपयांच्या आसपास येते. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि त्यावर हाताळणी शुल्क व एजंटची फी लागते. ही रक्कम वाचवण्याच्या नादात पाच-सहा महिन्यांचे भाडे बुडालेले घरमालक माझ्याकडे अजूनही येतात.

ई-नोंदणीत आधारशी जोडलेली अंगठ्याची खूण घेतली जाते, त्यामुळे समोरची व्यक्ती तीच आहे याची खात्रीही तिथेच होते. आपण बेंगळुरूतून आणि भाडेकरू पुण्यातून अशी वेगवेगळ्या ठिकाणांहूनही ही नोंदणी होऊ शकते. म्हणून ‘रविवारी चावी द्या, करार नंतर करू’ या म्हणण्याला आधार उरत नाही.

आपल्या तिघांमध्ये माझा क्रम असा राहील. पालक जामीनदार व्हायला तयार असतील आणि मुलींच्या आधीच्या घरमालकाचे उत्तर समाधानकारक असेल तर पहिली पसंती मुलींना. पतीच्या एकट्याच्या पगारात भाडे बसत असेल तर जोडपे त्यांच्या बरोबरीने, आणि मग ज्यांनी कागद आधी पूर्ण केले त्यांना घर द्यावे. व्यावसायिकांना सध्या नाही. तिघांचीही चौकशी खरेपणा आणि भाडे झेपणे याच दोन निकषांवर केलीत, तर नकार देताना आपल्याला अवघडल्यासारखे होणार नाही.

ज्यांना घर मिळणार नाही त्यांना निर्णय झाला त्याच दिवशी कळवावे, कारण तीही माणसे भर पावसाळ्यात घर शोधत फिरत असतात. टोकन घेतले असेल तर पूर्ण परत करावे. आधारच्या प्रती शक्यतो पहिले आठ अंक झाकलेल्याच मागाव्यात. आपण आणि एजंट दोघांनीही नाकारलेल्यांचे आधार, पॅन आणि बँक स्टेटमेंट फोनमधून आणि ईमेलमधून काढून टाकावेत, आणि एजंटने ते काढले का, हे त्यांना आठवणीने विचारावे.